पाचवी सायकल

प्रिय डॉक्टरीणबाई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकशील. दर रविवारी आपण दारात भेटतो, फोन आहे, निरोप पोचवायला दोन पोरी आहेत, आणि तरी ही बाई टपालाने कागद पाठवते म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं तुला वाटेल. काही बिनसलेलं नाही. उलट सगळं इतकं सुरळीत चाललंय की मीच अधूनमधून स्वतःला चिमटा काढून बघते. पण जे सांगायचंय ते तोंडाने सांगायला गेले की भलतंच बोलून बसते. परवा तुला गाठून सांगायचंच, असं ठरवून दारात आले आणि धाकटीच्या मोज्यांवर दहा मिनिटं बोलले. तूही बिचारी ऐकत उभी राहिलीस.

तुझ्यामाझ्या नात्याला भाषेत एकच शब्द आहे आणि तो इतका वाईट आहे की उच्चारला तरी घरातली भांडी आपटायला लागतील. पोरींनी मात्र पहिल्याच दिवशी मला मावशी करून टाकलं. म्हणजे त्या हिशेबाने मी तुझी बहीण. हे त्यांच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं होतं, आणि तुझ्याही आलं असणार, कारण पहिल्यांदा धाकटीने मला तशी हाक मारली तेव्हा तू गाडीची किल्ली खाली पाडलीस. त्यानंतर दोन वर्षं आपण फक्त दप्तरं, औषधं आणि विसरलेले डबे यांवर बोललो. नवरा म्हणायचा, दोघी किती समजूतदार आहात. त्याला काय कळतंय! समजूतदारपणा नव्हता तो, धाक होता. मला तुझा, आणि तुला बहुधा माझा.

एक आठवडा तुझ्याकडे, एक आमच्याकडे, अशी पोरींची वाटणी; पण सायकलींना ती कधी कळलीच नाही. पोरी इकडे आल्या की सायकली तिकडे राहायच्या. रविवारी संध्याकाळी धाकटीचं भोकाड ठरलेलं. शेवटी आपल्या दातवाल्याने (बघ, 'आपल्या' लिहून गेले, असू दे, तुझा माजी आणि माझा आजी, शब्द वाया गेला नाही) मनावर घेतलं. हा माणूस दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवतो, केसभर उंचसखल झालं तर पुन्हा ओततो. पण गाडीमागे सायकली बांधून न्यायचा रॅक घेताना त्याने माहितीचा कागद उघडलासुद्धा नाही. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा हलका रॅक उचलून आणला, दोन गाठी मारल्या आणि हात झटकले. पुढचं तुला ठाऊक आहे. लाँड्रीपाशी वळताना पट्टी सैल झाली. मागच्या काचेला नाक लावून बसलेली धाकटी ओरडली, "बाबा, माझी सायकल उतरली!" आम्हाला वाटलं खेळतेय. मागच्या टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं, ते मी अजून मनात पूर्ण करत नाही.

तू आलीस तेव्हा आम्ही चौघं आमच्या पायरीवर बसलो होतो, धाकटीच्या मांडीवर ते आठच्या आकड्यासारखं झालेलं चाक. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली तर बरोबरच बोलेल. तू गुडघ्यावर बसलीस, वासराचा पाय बघावा तसं चाक हातात घेऊन फिरवलंस आणि म्हणालीस, "पाय मोडलाय. पण उद्या चालेल." धाकटीचं रडं तिथेच थांबलं. मग मान वर करून मला म्हणालीस, "तुझ्या गळ्यात कायम टेप असते ना? शनिवारी चल. रॅक आपण दोघी निवडू. याला दातच करू दे." दोन वर्षांत तू मला पहिल्यांदा 'तू' म्हणालीस. थोरलीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी मुकाट्याने आत गेलो आणि मोठ्याने हसलो.

तो शनिवार मी आयुष्यभर विसरणार नाही. तुझ्या बुटांना गोठ्याचा वास, माझ्या बाहीला टाचण्या, आणि दुकानदार इतका सावकाश बोलणारा की एका वाक्यात आपण दोन रॅक बघून घ्यायचो. टपावरचा रॅक तू उभ्या उभ्या बाद केलास. म्हणालीस, "हा माणूस वर सायकली आहेत हे विसरून गाडी सरळ गॅरेजात घालेल." मी म्हटलं, "घालेलच." नवऱ्याबद्दल दुसऱ्या कुणाशी इतकं एकमत माझं आजवर झालेलं नाही. पट्ट्यांच्या रॅककडे आपण बघितलंसुद्धा नाही. राहिला गाडीच्या मागे, हुकावर बसणारा. तुझ्या गाडीला जनावरांची ट्रॉली ओढायला हुक आहेच. आमच्या गाडीला बसवून घेता येत होता. म्हणजे एकच रॅक दोन्ही गाड्यांना चालणार, पोरींबरोबर रविवारी तोही घर बदलणार. मी चाकाचाकांमधलं अंतर टेपने मोजत होते, धाकटीच्या बुटक्या सायकलीला धरणारा हात पुरेल का बघत होते. तू प्रत्येक पकड दाबून बघत होतीस, खाली पाय देऊन रॅक वाकवत होतीस, डिकी उघडते की नाही याची खात्री करत होतीस. "यावर माझी बकरी उभी राहील का?" तू विचारलंस. दुकानदार अगदी गंभीरपणे म्हणाला, "साठ किलोपर्यंत राहील." तुला हसू आवरेना. तुझं हसणं इतकं मोठं आहे हे मला माहीतच नव्हतं. पोरी कुणावर गेल्यात ते त्या दिवशी कळलं.

मग नमुन्याची सायकल चढवून बघायची म्हणून मी उचलायला गेले आणि तू माझ्या हातून ती काढून घेतलीस. मी म्हटलं, कंबर धरलीय. तू ती एकटीनेच चढवलीस. दुकानदाराने पेन्सिल काढून विचारलं, "घरात माणसं किती?" तू म्हणालीस, "चार." त्याच क्षणी मी म्हणाले, "पाच." त्याने आपल्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं. म्हणाला, "पाच सायकली या हुकावर बसायच्या नाहीत, बाई. चारच्या पुढे जायचं तर बस घ्या." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग एकदम हळू आवाजात म्हणालीस, "माझ्याकडे सायकल नाही गं." आणि वळून घंट्या ठेवल्या होत्या तिकडे गेलीस, एकेक घंटी उगाच वाजवत बसलीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी चारचा रॅक बांधून द्यायला सांगितलं.

रॅक मात्र नामी निघाला. पहिल्या दिवशी नवऱ्याने तो चाळीस वेळा हलवून बघितला, मग शेजाऱ्याला बोलावून त्याच्याकडून हलवून घेतला. तळ्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा धाकटी पुन्हा मागच्या काचेला नाक लावून बसली आणि दर पाच मिनिटांनी मोजायची, चार, चार, अजून चारच. पेट्रोल पंपावर एकाने विचारलं, सायकली भाड्याने देता का. थोरली म्हणाली, "नाही, आमचं घरच मोठं आहे." हे तुला सांगायचं राहिलं होतं.

काल संध्याकाळी मी एका हॉटेलच्या पडद्यांना पट्टी लावत होते आणि थोरलीचा फोन आला. हसू दाबत म्हणाली, "मावशी, आईने सायकल घेतली. जुनी आहे, हिरवी. दवाखान्याच्या अंगणात शिकतेय, दोनदा पडली, कुत्री पळून गेली." मी हसून हसून बेजार. मग ती म्हणाली, "आई म्हणते, मावशीने दुकानात मला मोजलं, मग आता चालवायला नको?" माझं हसू तिथेच गेलं. फोन ठेवून मी पडद्यांच्या ढिगाऱ्यावरच बसले.

कारण मी तुला मोजलं नव्हतं, डॉक्टरीणबाई. आमची चार आणि एक पोटातलं, असे माझे पाच होते. अकरा आठवडे झालेत. नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तुझ्या अनुभवी नजरेला कळलंच असेल तर तू ते माझ्यासाठी झाकून ठेवलंस. जो मोठेपणा मी दाखवलाच नव्हता त्याचं श्रेय तुझ्याकडून घेऊन मी तीन आठवडे मिरवतेय, ते आता सोसवत नाही. रागाव हवं तर. पण हिरवी सायकल परत करू नकोस. यंदा माझी सायकल घरातच राहणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. रॅकवरची तिची जागा तू घे, मी गाडीत बसून तुम्हा सगळ्यांचे स्वेटर सांभाळेन. आणि रविवारी पोरींना सोडायला येशील तेव्हा थोडा वेळ काढून ये. त्यांना तेव्हाच सांगायचं ठरवलंय. धाकटी नाचेल. थोरली मात्र विचारेल, बाळ आल्यावर आमचा आठवडा आमचाच राहील ना? मी हो म्हटलं तरी ती आधी तुझ्या तोंडाकडे बघेल. म्हणून तू तिथे हवी आहेस, तिच्या शेजारी, आणि माझ्याही.

तुझीच,
मावशी