न्हाणीमागचा झेंडू

मुर्री,
१८ ऑगस्ट २०२४

चि. जमुनास दुलीचंदचे आशीर्वाद.

आज उघाड होती. भात शिजवला, कपडे वाळत घातले, फाटकाला कुलूप लावलं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो.

सुशीला जाऊन तीन महिने झाले. तुझ्या वहिनीची बाग तुला माहीत आहे. ओळ नाही, वाफा नाही. तेरडा, गुलबक्षी, पपई, जे आपोआप येईल ते राहू द्यायचं. लोक जंगल म्हणत, ती हसायची. मी तिथे हात लावलेला नाही. तिचं तेवढंच उरलं आहे.

आता न्हाणीमागे झेंडूची दाट रोपं दिसतात. आपल्या अंगणात झेंडू कधीच नव्हता. शेजारच्या प्रेमिलाबाईकडे मात्र विटा लावून झेंडूच्या ओळी आहेत. तेरवीनंतर तिने विचारलं होतं, सुनं दिसते, चार रोपं लावून देऊ का. मी नको म्हणालो. तुळशीची पानं न्यायला ती रोज येते आणि त्या कोपऱ्याकडे पाहते. काल विचारलं, तर म्हणाली, मी कायले लावू. पण म्हणताना हसली. कुलूप त्यासाठीच. रोपं उद्या उपटतो.

तब्येत सांभाळ. भावाची आठवण ठेव.

दुलीचंद

चिचगड,
२४ ऑगस्ट

ती. दादास जमुनाचा नमस्कार.

भाताची रोवणी आटोपली. गुडघे बोलून राहिले, बाकी बरं आहे.

दादा, काऊन गा असा संशय घेऊन राहिला? प्रेमिलाने लावला असता तर रेघ मारून लावला असता. वहिनीच्या फोटोवरचे झेंडूचे वाळलेले हार तू कुठे टाकते ते आठव. तेरवीला मी होते तेव्हा न्हाणीमागेच टाकले. नदीत सोड म्हटलं, तर तू म्हणाला, सुशीला पाचोळासुद्धा अंगणाबाहेर जाऊ देत नव्हती. मग आता उगवला तर बोंब कायले? उपटू नको. आणि नुसत्या भातावर राहू नको.

रागावशील, तरी माया कमी करू नको.

तुझी जमुना

मुर्री,
३१ ऑगस्ट

चि. जमुनास आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा मिळालं. तोवर मी अर्धी रोपं उपटून भिंतीवरून प्रेमिलाबाईच्या अंगणात फेकली होती. आज पाहिलं, तिने ती सगळी लावली आहेत, एका ओळीत. इकडची उरलेली वाटेल तशी वाढत आहेत.

कुलूप काढलं. तुळस न्यायला येत जा, असं तिला सांगायला गेलो. ती म्हणाली, भाऊ, चावी तुमच्याजवळच ठेवा, मी पानं भिंतीवरून घेईन. मी परत आलो.

तुझा राग नाही. लिहीत राहा.

दुलीचंद

ता. क. पाकीट बंद करण्याआधी फोटोवरचा वाळका हार काढला, कुस्करला आणि न्हाणीमागे टाकला. पाणी घातलं नाही. सुशीला घालत नसे.