वालूरचा उडता उंट

रविवार, ६ जानेवारी १९५७. सेलू

वालूरला माझ्यासाठी मुलगी बघून आलो. मी, दादा, वहिनी. दिवाळीपासूनची ही तिसरी मुलगी. सकाळच्या मोटारीने गेलो, अंगावर बोटभर धूळ.

मुलीचे वडील निवृत्तीमामा. आमच्यासारखेच शिंपी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाप नि लेक, दोघंच. लेकीचं नाव शांता.

आत पाय टाकला तर ओसरीवर बसायला जागाच नाही. ओसरीभर उंट! गोणपाटाचा, पोटात जिनिंगमधला टाकाऊ कापूस ठासून भरलेला, पण उंची खऱ्या उंटाएवढी. पाठीवर छत्रीच्या काळ्या कापडाचे दोन पंख. माझ्या तोंडून निघून गेलं, "चिंधीचा उंट!"

मामा दादाला सोडून माझ्याकडेच बघायला लागले.

आमच्या भागात ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी मोठं झालेलं नाही. शिंप्याची पोर चिंधी, तिचा उडता उंट, आणि लोकांचं हसू चोरून बरण्यांत कोंडणारा मुका राजा. मला आईने सांगितली. किती वेळा, मोजदाद नाही. मामांनी ती आख्खी घरात मांडून ठेवलीय! गावात सगळे अजायबखाना म्हणतात. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतले लोक येऊन बघून जातात.

माजघरात फळीवर बरण्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. ‘म्हातारीचं हसू’, ‘न्हाव्याचं हसू’, ‘तहसीलदाराचं हसू (थोडंच)’. खुंटीवर राजाचा अंगरखा, चाळीस खिशांचा. चिंधीची सुई हातभर लांब, लोहाराकडून घडवून घेतलेली. खाली मामांचं अक्षर: ‘हात लावावा, टोचत नाही.’ मी लावला. टोचत नाही.

दादा मोठ्याने हसला. चांगलं हसणं नव्हतं ते.

शांता चहा घेऊन आली. सावळी, उंच. दादाने विचारलं, "शिवण येते का?"

"त्या अंगरख्याचे चाळीस खिसे मीच लावले. मोजून बघा."

वहिनीने पदर तोंडाला लावला.

परत येताना मोटारीत दादा: "पोरगी चांगली हाय. बाप येडा हाय."

खिडकीतून शाळूची शेतं.

मंगळवार, ८ जानेवारी

शाळेत चौथीला भागाकार शिकवला. तीन वेळा चुकलो. पोरांनी दाखवून दिलं.

माझं स्वतःचं शिक्षण उर्दूतून, निजामाच्या शाळेत. आता मराठीतून शिकवायचं. अजूनही मनातली बेरीज उर्दूतच होते. आज उर्दूत काय, मराठीत काय, कशातच जमेना.

रविवार, १३ जानेवारी

खोटं बोललो. ‘हेडमास्तरांच्या शेतावर हुरड्याला चाललो’ म्हणून सांगितलं, सायकल काढली नि वालूर गाठलं. मुलीच्या घरी असं एकट्याने जायचं नसतं, ठाऊक आहे.

मामा दारातच. "गुरुजी! तुमी?" मग काही न विचारता, "या, या. आज पाहुणे हायेत."

पाहुणे म्हणजे मेंढरंवाली एक म्हातारी, तिची सून आणि दोन नातवंडं. लांबून चालत आलेली. शांता गोष्ट सांगत होती. मुक्या राजाचं काम ती शब्दाविना करते, नुसत्या भुवयांनी. एक पोरगं आजीच्या लुगड्यात शिरलं. म्हातारी ‘म्हातारीचं हसू’ची बरणी हातात घेऊन बसलेली. म्हणाली, "उघडू का ग, बाई?"

"उघडा की. तुमचंच हाय."

झाकण काढलं. आत काय, काही नाही. म्हातारी आत बघून अशी हसायला लागली, की सून घाबरून तिची पाठ चोळायला लागली.

ते गेल्यावर शांता एकटी बरण्या पुसत होती. मी विचारलं, हे सगळं सुरू कसं झालं?

"आई गेली तवा मी आठ वर्षांची. गोष्ट आईच सांगायची. ती गेल्यावर मला झोप यायची न्हाई, घास उतरायचा न्हाई. आप्पांना गोष्ट सांगता येत न्हाई, अडखळतेत. म्हणून त्यांनी उंट शिवला. म्हणले, सांगता येत न्हाई तर दाखवतो."

मग पुसता पुसताच: "याआधी दोन ठिकाणं आली होती. दोघंबी उंट बघून हसले नि गेले. तुमचे दादाबी हसले."

मी: "मी नाही हसलो."

"न्हाई. तुमी नाव सांगितलं त्याचं."

परतीला सायकलची चेन दोनदा उतरली. हात काळे. तरी गाणं म्हणत आलो, एकटाच.

शुक्रवार, १८ जानेवारी

वहिनीने स्वयंपाकघरात बोलावलं. आवाज खाली. "भाऊजी, तुम्हाला म्हणून सांगते. ह्यांनी बुधवारीच वालूरला निरोप धाडला. मुलगी पसंत हाय, पण ते उंटाचं सोंग घरातून काढा, मग पुढचं बोलू."

मला न विचारता.

दादा दुकानात मशीनवर होता. समोर जाऊन उभा राहिलो. तेरा वर्षांपूर्वी आई-बाबा पटकीत एकाच आठवड्यात गेले, तेव्हापासून हा माणूस ह्या मशीनवर बसलाय, म्हणून मी शिकलो. काय बोलू त्याला? परत आलो.

जेवलो नाही.

शनिवार, १९ जानेवारी

सकाळची शाळा. सुटल्या सुटल्या सायकल.

उंट अंगणात आडवा पडलेला. मानेची शिवण उसवलेली, पंख काढून भिंतीला टेकवलेले, कापसाचा ढीग. मामा कात्री घेऊन बसलेले. मला बघून हसायचा प्रयत्न केला.

"पोरीपेक्षा उंट मोठा हाय का, गुरुजी?"

मी म्हणालो, तो निरोप माझा नव्हता. मला कालच कळलं.

दाराआडून शांता: "काल कळलं, मग काल का न्हाई आलात?"

मामांच्या हातातली कात्री काढून घेतली, सुई-दोरा मागितला. मास्तर असलो तरी शिंप्याचा मुलगा. टाका दादानेच शिकवलाय. मांडी घालून बसलो नि मान शिवायला घेतली. गोणपाटाला साधी सुई चालत नाही, मामांनी दाभण दिलं. बोटं सोलली. थोड्या वेळाने शांता बाहेर आली, समोर बसली आणि गोणपाटाच्या दोन्ही कडा जुळवून धरल्या. मी टाका घालायचा, तिने कड पुढे सरकवायची. मामा मूठमूठ कापूस भरत होते. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणावरून बघत होत्या. बघू देत.

मान उभी राहिली तेव्हा उन्हं उतरली होती. थोडी वाकडी झालीय. आता उंट डावीकडे बघतो.

निघताना विचारलं, सरळच. "मी तुम्हाला पसंत आहे का?"

"मी हो म्हणलं तर दादाला सोडून येणार का तुमी?"

"नाही."

मला वाटलं, आता आत जाईल. गेली नाही. म्हणाली, "बरं झालं खरं बोललात. सोडतो म्हणला असतात तर मीच न्हाई म्हणले असते. ज्यानं तुमाला वाढवलं त्याला सोडणारा मला काय संभाळणार? पण आप्पांचा उंट मोडून मी कुणाच्या घरी येणार न्हाई. दादांना घेऊन या. त्यांनी माझ्यासमोर बोलावं. मग मी सांगते."

सोमवार, २१ जानेवारी

दादाशी बोललो. काल हिंमत झाली नाही, आज झाली. दोनदा चोरून वालूरला गेलो हेही सांगितलं.

मशीन थांबवली नाही त्याने. "मला ठाऊक हाय. हेडमास्तर परवा लेंगा टाकायला आला होता."

मी म्हणालो, दादा, तो उंट म्हणजे त्या पोरीची आई आहे. मोडायला सांगायला नको होतंस. गोष्ट तर आपल्या घरातलीच. आई सांगायची ती.

तेव्हा मशीन थांबली.

"तुला सांगायची," दादा म्हणाला. "तू मांडीवर. मी बाबाच्या शेजारी काजं करीत बसायचो. आतून नुसता आईचा आवाज यायचा, नि तू हसायचास. बाबा म्हणायचा, हात चालव. चिंधीचं पुढं काय झालं मला अजून ठाऊक न्हाई."

मी पंचविशीचा होत आलो. एका घरात राहतो. हे माहीत नव्हतं मला.

म्हणालो, मी सांगू? म्हणाला, "आता काय करायची." पुन्हा मशीन सुरू. पण पाय नीट पडत नव्हता, दोरा दोनदा तुटला.

गुरुवार, २४ जानेवारी

दादा तीन दिवस बोललेला नाही. रागावलेला दिसत नाही. वहिनीने विचारलं तर तिला म्हणाला, "विचार करायलो."

वहिनीने मला उंटाबद्दल सगळं विचारून घेतलं. पंख हलतात का? नाही हलत. मग उडतो कसा? म्हटलं, शांता सांगते तेव्हा उडतो. वहिनी माझ्याकडे बघत राहिली नि म्हणाली, "भाऊजी, तुमचं काही खरं न्हाई."

रविवार, २७ जानेवारी

सकाळी उठलो तर दुकानाला कुलूप. लग्नसराई तोंडावर, आणि महिन्यात दुसऱ्यांदा! दादा अंघोळ करून, धुतलेला कोट घालून तयार. म्हणाला, "वालूरची मोटार किती वाजता हाय?"

सांगितलं.

"मी काय उंट बघायला यायलो न्हाई. पोरीशी बोलायचंय. तिनंच बोलवलंय ना?"

काय बोलणार, विचारलं. "ते तिला सांगीन."

वहिनी हिरवं लुगडं नेसून कधीची बसलीय. तिलाही काही ठाऊक नाही. हो म्हणायला चाललाय की शेवटचं नाही म्हणायला, की आणखी काही. ह्या चार ओळी उभ्याउभ्याच लिहितोय. शांतेला आधी कळवायला हवं होतं. आता उशीर झाला.

वहिनी ओरडतेय, "लिहीत काय बसलात, चला!" दादा पुढे निघालासुद्धा. इतका भराभर चालताना मी त्याला कधी पाहिलेला नाही. खिडकीतून त्याची नुसती पाठ दिसतेय, आणि पाठीवरून काही कळत नाही.