आडवे तुमचे, उभे माझे

जालना एमआयडीसी,
सोमवार

अंगदच्या पप्पांना द्वारकाचा नमस्कार.

सगळं शब्दकोडं तुम्हीच भरायचं होतं, तर ते पाठवायचा खर्चा कशाला केला? आडवे शब्द तुमचे, उभे माझे, हे आपलं ठरलेलं आहे. या वेळी एक चौकोन मोकळा न्हाई. पाकीट उघडून मी नुसती बघत बसले.

मी इथं बराबर आहे. बियाणं निवडायचं काम बसून असतं, दमायला होत न्हाई. खोलीत पंखा आहे. परवा मुकादम त्याच्या गावच्या बायांनाच हलकं काम देऊन राह्यला, तर मी तोंडावर म्हणाले, हा पक्षपात आहे. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला असा शब्द कोड्यानंच दिला. बायांनी विचारलं, कुणी शिकवलं? म्हणलं, आमच्या मालकांनी.

फोनवर तुम्ही हं हं करून ठेवून देता. मंग सांजच्याला भाकर खाऊन मी कोडं घेते, तुमचं अक्षर बघत माझे शब्द भरते. तेवढंच आपलं बोलणं. आता तेही न्हाई.

आत्याबाईंचा गुडघा कसा आहे? अंगद वेळेवर जेवतो का? आणि तुमचं माझ्याबिगर भागायला लागलं का, ते सरळ सांगा.

रविवारी मला सुट्टी आहे. कोरं कोडं घेऊन वाटूरहून पहिल्या गाडीनं या, दोघं बसून सोडवू. येता का न्हाई, ते शुक्रवारच्या आत कळवा.

तुमची,
द्वारका