साठ म्हणजे किती

४ मार्च
कानांची तपासणी झाली. साठ! म्हटलं, शंभरातले चाळीस तरी उरले. तपासणारी मुलगी कानाशी येऊन ओरडली, "काकू, टक्के नाहीत हे! डेसिबल. लॉगॅरिथमचं माप असतं." बावीस वर्षं बाटल्या धुण्याच्या यंत्रापाशी काढली. आणखी काय होणार!

५ मार्च
मुलगा जेवला, उठला, गेला. अवाक्षर नाही. हे गेल्यापासून घरात दोघंच, त्यात ही तऱ्हा.

७ मार्च
मुलाचं अकरावीचं गणिताचं पुस्तक माळ्यावरून काढलं. मी नववीत शाळा सोडलेली. घातांक आठवतात — दहाचा वर्ग शंभर, घन हजार. पण लॉग? डोक्यावरून गेलं.

८ मार्च
पुस्तक मुलासमोर ठेवलं. वाटलं, हसेल. हसला नाही. वहीत लिहून दाखवलं — "आई, घातांक विचारतो, तीन दहा एकमेकांना गुणले तर किती? हजार. लॉग उलटं विचारतो, हजार व्हायला किती दहा गुणावे लागले? तीन. म्हणून हजारचा लॉग तीन."
एवढंच! एकाच गोष्टीकडे दोन टोकांनी बघायचं. महिन्याभरात माझ्याशी एवढं बोलला नव्हता. तेही कागदावर.

१० मार्च
डेसिबलचं कोडं सुटलं. पुस्तकातच होतं, डेसिबल म्हणजे लॉग गुणिले दहा. दर दहाला दसपट. वीसला शंभरपट. साठ म्हणजे एकावर सहा शून्यं — दहा लाख! चांगल्या कानाला जेमतेम कळणारा आवाज दहा लाख पट जोराचा झाला, तर कुठे मला कळणार. पेन खालीच ठेवलं.
सुपरवायझर म्हणायचा, "पलीकडचं यंत्र नव्वद, तुमचं शंभर. दहाचा तर फरक, बाई!" दसपट होता रे तो!
आणि पोरानं तरी किती ओरडायचं? मी मात्र त्यालाच घुम्या म्हणत आले.

१९ मार्च
एकटीच जाऊन कानाला मशीन लावून आले. मुलाला सांगितलं नव्हतं. नळ केवढा वाजतो!
तो आला तो फोनवर बोलतच. मी समोर भाजी चिरत होते. "नाही साहेब, यंदाही नाही जमणार. आईला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. एकटी कशी सोडू? ती बाहेरगावची जागा दुसऱ्या कुणाला द्या."
यंदाही! मान वर केली नाही. चिरत राहिले.

२० मार्च
सांगितलं त्याला — जा. तासभर भांडलो. शब्दन् शब्द ऐकला. रविवारी निघतोय.