वहिनींची तब्येत

४ मार्च
बेटावर पोचलो. उतरताना बूट भिजले. समुद्राकडची खोली, दोन पलंग. बुकिंग दोघांचं होतं. बायको जानेवारीत वारली, रद्द करायचं मी टाळत राहिलो. मुलगी म्हणाली, बाबा, एकटे कशाला जाताय. म्हटलं, हवापालट. मी सावरलो आहे. जेवढं बघण्यासारखं आहे तेवढं सगळं बघायचं.

५ मार्च
दीपगृह. बसमध्ये गाइडने डोकी मोजली, एक कमी भरलं. मॅडम कुठे, म्हणाला. मी म्हटलं, तिला बोट लागली, खोलीत आडवी आहे. भरल्या बसमध्ये दुसरं काय सांगणार? दीपगृह खालूनच पाहिलं. उद्या त्याला बाजूला घेऊन खरं सांगायचं.

६ मार्च
सांगणारच होतो. ग्रुपमधले टोपीवाले काका मध्ये आले. म्हणाले, काय हो, बायकोला कोंडून एकटेच मजा मारताय. सगळे हसले. मीही हसलो. त्यांच्या बायकोने, काकूंनी, त्यांना गप्प केलं आणि नाश्त्याची ताटली झाकून माझ्या हातात दिली. वहिनींना उपाशी ठेवू नका, म्हणाल्या. खोलीत नेली. टाकवेना. दुसऱ्यांदा नाश्ता केला.
दुपारी काचेच्या तळाची होडी. काचेवर सगळ्यांचे पाय. मासे दिसले नाहीत.

७ मार्च, संध्याकाळ
इथली नाच-गाणी. पाहुण्यांना रिंगणात ओढतात. मी म्हटलं, बायको एकटी आहे, बघून येतो. सबब उत्तम चालली. खोलीकडे भराभर निघालो. दार हळूच उघडलं, तिची झोपमोड नको म्हणून.
हे लिहायला नको होतं. उद्या नक्की सांगणार.

८ मार्च
बाजार. काकूंनी वहिनींसाठी शिंपल्यांची माळ निवडली. मी म्हटलं, लांब नको, तिला गळ्यात लोंबलेलं आवडत नाही, काम करताना मध्ये येतं. त्यांनी आखूड शोधून दिली. मग तिच्याबद्दल बरंच बोललो. जानेवारीपासून कोणाशी एवढं बोललो नव्हतो. आता उतार आहे, असंही सांगितलं. नसती काळजी कशाला द्या.

९ मार्च
आज कासवांचा किनारा, शेवटचं ठिकाण. निघणार तेवढ्यात काकू सूप घेऊन दारात. म्हणाल्या, मी बसते वहिनींपाशी, तुम्ही कासवं बघून या. म्हटलं, झोपलीय. म्हणाल्या, झोपू दे, मी नुसती बसेन. तुम्हालाही जरा मोकळीक हवी की नाही? आणि आत आल्या.
एक पलंग चुरगळलेला. दुसऱ्याची चादर ताणलेली.
मी म्हटलं, ती जानेवारीतच वारली.
त्या उभ्याच राहिल्या. मग वाडगा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी चेष्टा केली, ती मनावर घेऊ नका. दार हळू ओढून घेतलं.
खाली बस सुटल्याचा आवाज आला. सूप गार झालं होतं. उभ्यानेच प्यायलो. वाडगा विसळून बेसिनवर पालथा घातला.