खुर्ची, जेवणाची, मोडकी, एक

सायप्रस, १४ जुलै १९६३

आदरणीय हेस्टरताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो, पेनाचं टोपण टेबलाखाली गेलं होतं. उठायला लेकीचा, मेव्हिसचा, हात लागला.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं मलम लावतेस, की बाटली फडताळात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? आम्ही इकडे चौघंही बरे आहोत. तुझं पत्र पोचलं. हा महिन्याच्या आत परत येणार या खात्रीनं तू दर शनिवारी माझी गादी बाहेर काढतेस आणि यॉर्कशरच्या आभाळानं कृपा केलीच तर तिला ऊन दाखवतेस, हे वाचून बरंही वाटलं आणि थोडा रागही आला. म्हणून सगळं नीट लिहितो.

जावयाची, डेरिकची, इकडची बदली तीन वर्षांची. सार्जंटच्या बायकोला आणि मुलीला सैन्य स्वतःच्या खर्चानं बेटावर नेतं. सासरा मात्र त्यांच्या हिशेबी पाहुणा. पाहुण्याला तीस दिवस. त्यापुढे राहायचं तर घरांचा कारभार बघणारे कॅप्टन पेल्हॅम यांची सही लागते, आणि ती ते घराची पहिली तपासणी झाल्यावर देतात, किंवा देत नाहीत. माझी नोरा गेल्यापासून तिकडच्या घरात मी एकटाच दोन कप मांडतो आणि एक परत ठेवतो, हे तुला माहीत आहे. तेव्हा माझा जीव कुठे अडकला होता ते वेगळं सांगत नाही.

सैन्याच्या घराचा रिवाज तुला माहीत नसणार. घर सोडताना ते जसं घेतलं होतं अगदी तसं परत करायचं, आणि एक अधिकारी हातात यादी घेऊन चमचे मोजतो. डेरिकचं यॉर्कशरमधलं सैन्याचं घर सोडताना मीही आवराआवरीला तिथेच होतो. मेव्हिसनं शेगडी दाताच्या ब्रशनं घासली. (ब्रश माझा होता. मला ते संध्याकाळी दात घासताना कळलं.) शेगडी इतकी लखलखली की पुढचे दोन दिवस तिला हात लावायची कुणाची छाती होईना. आम्ही पायरीवर बसून पावसात पाव आणि चीज खाल्लं. जूडिथनं विचारलं, "आजोबा, आपण घर सोडतोय की घरानं आपल्याला सोडलंय?" सात वर्षांची आहे पोरगी, आणि जीभ तुझ्यावर गेलीय.

सामानाच्या पेट्यांचं म्हणशील तर लोकरीचे कोट आमच्याआधी पोचले आणि भांडी तीन आठवडे मागे राहिली. जूनच्या उन्हात डोक्याची भाजी होत असताना आमच्याकडे अकरा कोट आणि एक चाळणी. चहाची किटली शेजारणीची. पण तक्रार नाही. घर छान आहे, मागे लिंबाचं झाड आहे, समुद्र दिसतो. सैन्यानं दिलेलं सामानही आधीच मांडलेलं होतं. स्टोअरचा कॉर्पोरल टेट (लांबोडका, कानामागे पेन्सिल) मोठ्यानं यादी वाचत होता आणि डेरिक "आहे" म्हणत होता. अंड्याचे कप सहा, आहेत. बशा, भाजीच्या, दोन, आहेत. खुर्च्या, जेवणाच्या, चांगल्या, पाच, आहेत. खुर्ची, जेवणाची, मोडकी, एक, आहे. डेरिकनं सही केली. मोडकी खुर्ची भिंतीला टेकून तीन पायांवर उभी होती.

आता ताई, तूच सांग. चाळीस वर्षं मी रेल्वेच्या सिग्नलच्या खोलीत बसलो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात जुन्या पुस्तकात बघून सुतारकी शिकलो. मोडकी खुर्ची समोर दिसली की माझे हात शिवशिवतात. चार दिवस मी तिच्याकडे पाठ करून जेवलो. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या स्टेलिओसकडून ऑलिव्हच्या लाकडाचा तुकडा आणला (त्यानं वर चार काकड्या दिल्या) आणि नवा पाय बसवला. असा बसला की विचारू नकोस. जुना पाय चुलाण्यात घालून त्यावर जूडिथच्या आंघोळीचं पाणी तापवलं. मला वाटलं, कॅप्टनसाहेब बघतील, खूश होतील, सही करतील.

अठ्ठाविसाव्या दिवशी तपासणी. माझा अर्ज टेबलावर, त्यावर लिंबू ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. टेट खुर्च्या मोजत आला, मागे कॅप्टनसाहेब. चांगल्या, सहा. तो थांबला. परत मोजल्या.

"मोडकी कुठेय?"

"दुरुस्त केली," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं मी, बाबा. मोडकी कुठेय?"

"अरे, हीच ती."

"ही चांगली आहे. चांगल्या पाच पाहिजेत. म्हणजे एक चांगली जास्त भरतेय आणि एक मोडकी गायब आहे. दोन चुका झाल्या."

डेरिकचा चेहरा टोमॅटोसारखा. माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मामंजी, तुम्हाला शब्दकोडं सोडवायला काय झालं होतं?" मेव्हिस अंड्याचे कप पुन्हा मोजू लागली, निदान ते तरी बरोबर असावेत म्हणून. मी मनातल्या मनात बॅग भरली.

कॅप्टन पेल्हॅम चांगले आडवे गृहस्थ. सरळ त्या खुर्चीवर बसले. मागेपुढे झुलले. खुर्ची हूं की चूं करेना. मग म्हणाले, "माझ्या कचेरीतली खुर्ची चौदा महिने कोकलतेय. स्टोअरमध्ये मोडक्या चाळीस पडल्यात. सुतार मागवलाय, तो विलायतेहून येतोच आहे."

"साहेब, त्या दुरुस्त केल्या तर माझ्या यादीचं काय?" टेट रडवेला.

"कागदावर मोडक्याच राहू देत, टेट. सार्जंट, तीन वर्षांनी घर सोडाल तेव्हा ही मला मोडकीच परत हवी. कशी ते तुमचं तुम्ही बघा." एवढं बोलून त्यांनी लिंबू बाजूला केलं आणि अर्जावर सही केली. दर मंगळवारी मी स्टोअरमध्ये हजर, ही अट. टेटला मात्र ज्याची नोंद नाही अशी वस्तू घरात बघवेना. जाता जाता त्यानं यादीच्या तळाशी पेन्सिलीनं लिहिलं: आजोबा, एक, वापरलेले, चालू स्थितीत. मेव्हिस इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्याच खुर्चीवर बसली.

तर असं आहे. उन्हाळा कडक, काकड्या उत्तम. तब्येतीला जप, मलम लाव.

तुझा धाकटा,
एड्विन

ता. क. गादीला ऊन दाखवू नकोस. मांजरीला देऊन टाक. नाही तरी दर शनिवारी तीच त्यावर झोपत असणार.

ता. क. २. एक काम आहे, खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो. तीन वर्षांनी मोडकी खुर्ची द्यायची, आणि स्वतः बसवलेला पाय मोडायला माझा हात धजायचा नाही. माझ्या घरामागच्या शेडमध्ये नोराची स्वयंपाकघरातली खुर्ची आहे, एक पाय तुटलेली. आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो आणि तिच्या हयातीत ती काही झाली नाही. तिचा तुटका पाय तेवढा बोटीनं पाठव. जाताना ऑलिव्हचा पाय अलगद काढून तो तुटका इथल्या खुर्चीला लावून देईन.

ता. क. ३. पाकीट चिकटवता चिकटवता पुन्हा उघडलं. नुसता पाय नको, खुर्ची सगळीच पाठव. पाय सैन्याला देईन, आणि नोराच्या खुर्चीला इथलं ऑलिव्हचं लाकूड बसवीन. घाई नाही. तीन वर्षं आहेत.