आक्काचा एक पॉइंट दोन

३ एप्रिल
आक्का ऊसतोडीवरून आली, गावी न जाता परस्पर माझ्या मेडिकल दुकानात. मुलगा आणि सून रुक्मी अजून कारखान्यावरच. सोनपेठ स्टँडवर एकटीच उतरली. आधी वाटलं, बाई जरा भरली. मग पाय दिसले. चपलेचा पट्टा सुजेत रुतलेला.
"नाऱ्या, अन्नच जाईना रं. नुस्तं मळमळायलंय."
म्हणायला मावसबहीण, पण मला कडेवर खेळवलेली. शेजारच्या लॅबमध्ये रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. किडनीचा आकडा, क्रिॲटिनिन, ४.६. लॅबवाल्याला फोन केला, मशीन नीट आहे का. तो चिडला. चिडणारच.

४ एप्रिल
परभणी. किडनीचे डॉ. म्हणाले, आधीचा काही रिपोर्ट?
आक्कानं पिशवीतून दसऱ्याआधीचा कागद काढला. मला न बघताच आकडा माहीत होता. १.२. शेजारी छापलेलं, ०.६ ते १.२.
तोडीला निघायच्या आधी तो कागद तिनं माझ्याकडेच आणला होता. आमच्याकडे रीतच आहे, रिपोर्ट डॉक्टरआधी मेडिकलवाल्याला दाखवायचा. मी आकडा बघितला, रकाना बघितला, म्हणालो, "नॉर्मल आहे, जा बिनघोर." वर अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं बांधून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही. घरचं माणूस ना!
डॉ.: "हे तेव्हा कुणीच बघितलं नाही?"
"बघितलं की. नार्मल व्हतं," आक्का म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मी कागदाची घडी घालून परत पिशवीत ठेवला.

५ एप्रिल
डॉ. काय म्हणाले ते लिहून ठेवतो. नाहीतर मी माझ्या सोयीनं विसरेन.
क्रि. म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. किडनी तो गाळून लघवीतून टाकते. किडनी मंदावली की तो रक्तात साचतो. इतपत मला येत होतं, डी.फार्म.ला पाठ केलेलं. पुढचं सुचलं नव्हतं. कचरा किती होणार, ते अंगावर मांस किती त्यावर. पैलवानाला १.२ चालेल. आक्का पन्नाशीची, वजन अडतीस किलो, तेही सुजेसकट. मांसच नाही तर कचरा कुठून होणार? तिच्या अंगाला ०.६ शोभला असता. १.२ म्हणजे किडनी तेव्हाच निम्म्याहून कमी चालत होती. वय, वजन, बाई की पुरुष, हे सगळं धरून आकडा वाचायचा असतो.
अर्ध्या हळकुंडानं पिवळा म्हणतात तो मी. वीस वर्षं गल्ल्यावर बसून अख्ख्या पंचक्रोशीचे रिपोर्ट वाचतोय.

९ एप्रिल
आक्का आमच्याकडेच राहते आहे. आज धीर करून विचारलं, गोळ्या किती खायचीस?
"सकाळी एक, दुपारी एक. लय दुखलं तर झोपताना. तूच दिल्यावत्यास की."
आणि पाणी?
"फडात बाईनं बसावं कुटं? कमीच प्यायचे."
पाणी कमी, त्यावर रोज ती गोळी. यानं धडधाकट किडनीही जाते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून...
दुपारी एका गिऱ्हाइकानं तीच गोळी मागितली. हात फळीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. "संपली का?" म्हणाला. हो म्हणालो. समोर दोन डबे होते.

१३ एप्रिल
दुकानात बसवत नाही. शटर उघडलं की माझाच आवाज कानात येतो. जा बिनघोर. गिऱ्हाईक काहीतरी विचारत असतं आणि मला तेवढंच ऐकू येतं. बायको म्हणते, कुणाचं काही लागलंय का बघून घेऊ. लागलंय खरं, पण ते उतरवणारा कुणी नाही.

१९ एप्रिल
परभणी. दुसरा रिपोर्ट ३.७!
आक्कानं तिथंच हात जोडले. मीही हसलो, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग वजन झालं. चौतीस. डॉ. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आकडा उतरलाय ते चांगलंच. पण सुजेबरोबर मांसही झडलंय. किडनी सुधारली की कचराच कमी झाला, एवढ्यावर सांगता येणार नाही." मांसावर अवलंबून नसलेली दुसरी एक तपासणी आहे, त्यासाठी रक्त बाहेरगावी पाठवलंय. थांबायचं.
म्हणजे माणूस आतून झिजत असलं तरी आकडा उतरतो. आणि घरात पेढे.
आक्का फोनवर सगळ्यांना सांगत होती, "नाऱ्यामुळं वाचले मी." उठून बाहेर गेलो.

२२ एप्रिल
सांगून टाकलं. सकाळी चहा घेताना. "आक्का, दसऱ्याआधीचा तो कागद नॉर्मल नव्हता. मला कळलं नाही. मीच तुला पाठवलं."
ती पदरानं कप पुसत राहिली. पुसून झालेला कप पुन्हा पुसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तू काय मुद्दाम केलंस व्हय," म्हणाली. मग हात थांबला.
"नाऱ्या, रुक्मीचा बी कागद तूच बघितलावतास नं? त्याच दिशी?"
बघितला होता. आकडा आठवत नाही. एक, की एक पॉइंट एक? गोळ्या तिलाही दिल्या होत्या. एवढ्या दिवसांत रुक्मी एकदाही मनात आली नाही, याची लाज वाटते.
आक्कानं फोन लावून माझ्या हातात दिला. "तूच इचार."
पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज. विचारलं, रुक्मी, तुझं वजन किती आहे गं?
ती हसली. "वजन? इथं उसाचंच करत्यात मामा, आमचं कोन करतंय!"
पाय सुजलेत का, विचारेपर्यंत फोन कट झाला. पुन्हा लावतोय. लागत नाही.